वर्गणीचा रेडिओ : पैसे भरण्यापूर्वी हिशेब मांडा

शिलाई मशीनवर बसणारा कारागीर असो, पंक्चर काढणारा असो, की किराणा दुकानात तराजूपाशी बसणारा व्यापारी असो, रेडिओ हा त्याचा जुना सोबती आहे. हात कामात असतात, डोळे कामावर असतात, कान मात्र मोकळे असतात. या मोकळ्या कानांसाठी पैसे मोजावेत काय, आणि मोजायचे तर किती व कसे, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे.

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेथील दुकानदारीचे गणित मात्र मराठवाड्यातील इतर गावांसारखेच आहे. पिकाचा पैसा शेतकऱ्याच्या हाती आला की दुकानात वर्दळ, एरवी उधारीची वही. अशा ठिकाणी दुकानाच्या खर्चातील प्रत्येक रुपयाला मोल असते. भाडे, वीज, माल, मजुरी हे खर्च आपण रोजमेळात लिहितो. परंतु महिन्याला शंभर-दीडशे रुपये किंवा वर्षाला हजार-दोन हजार रुपये अशी जी ‘वर्गणी’ असते, ती सहसा कोठेच लिहिली जात नाही. जो खर्च वहीत नसतो, तो वाढत गेला तरी दिसत नाही.

आज ही वर्गणी बहुतेक मोबाईलवरील गाण्यांच्या ॲपसाठी भरली जाते. परंतु या व्यवहारातील खरा धोका समजून घ्यायचा असेल, तर आपल्याच देशात घडलेले उपग्रह रेडिओचे प्रकरण पाहावे लागेल.

वर्ल्डस्पेसचे प्रकरण

आपला साधा रेडिओ जवळच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी पकडतो. एफएमच्या लहरी फार तर पन्नास-साठ किलोमीटरपर्यंत नीट पोचतात. मध्यमलहरी त्याहून लांब जातात, पण त्यात खरखर असते. उपग्रह रेडिओची कल्पना अशी की, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहावरूनच कार्यक्रम सोडायचा. पृथ्वीवरून पाहणाऱ्याला हा उपग्रह आकाशात एका जागी स्थिर दिसतो. मग मुंबई असो की जांब समर्थ, सर्वत्र आवाज सारखाच स्वच्छ.

इथिओपियात जन्मलेले नोआ समारा यांनी १९९० साली अमेरिकेत ‘वर्ल्डस्पेस’ ही कंपनी याच कल्पनेवर उभी केली. तिचा आफ्रिकेसाठीचा उपग्रह ‘आफ्रिस्टार’ ऑक्टोबर १९९८ मध्ये आणि आशियासाठीचा ‘एशियास्टार’ मार्च २००० मध्ये अवकाशात गेला. ज्या एरियन-५ अग्निबाणाने एशियास्टार नेला, त्यानेच आपला इन्सॅट-३बी हा उपग्रहही नेला होता. भारतातील कारभार बंगळूरहून चाले. सुरुवातीला बरेच काही विनामूल्य ऐकू येत असे. पुढे वर्गणी सुरू झाली. हिंदुस्थानी आणि कर्नाटक शास्त्रीय संगीत, जुनी हिंदी गाणी, निरनिराळ्या भारतीय भाषांतील गाणी, अशा चोवीस तास चालणाऱ्या वेगवेगळ्या वाहिन्या आणि मध्ये जाहिरातींचा त्रास जवळजवळ नाही, हे या सेवेचे आकर्षण होते. २००६ साली संगीतकार ए. आर. रहमान यांच्याकडून खास धून करून घेऊन तिची मोठी जाहिरात झाली. ज्यांना गाण्याची खरी आवड होती, त्यांनी आनंदाने पैसे भरले, आणि त्यांना माल चांगला मिळाला हेही खरे.

उणिवाही होत्या. संच वेगळा घ्यावा लागे. साधा ट्रान्झिस्टर चालत नसे. संचाच्या छोट्या अँटेनाला उपग्रह ‘दिसावा’ लागे. जालना जिल्ह्यातून पाहिले तर एशियास्टार आग्नेय दिशेला, आकाशात अर्ध्याहून थोड्या अधिक उंचीवर होता. ज्या दुकानाचे तोंड पश्चिमेला आहे आणि मागे भिंतीला भिंत लागून दुसरे घर आहे, त्याला अँटेना छपरावर नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. अमेरिकेत शहरांतून जमिनीवर साहाय्यक प्रक्षेपक उभारून ही अडचण दूर केली गेली, म्हणून तेथे उपग्रह रेडिओ मोटारींतून चालला. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००५ साली उपग्रह रेडिओविषयी शिफारशी केल्या, परंतु वर्ल्डस्पेसला मोटारींची बाजारपेठ मिळाली नाही ती नाहीच. उपग्रह अवकाशात ठेवण्याचा खर्च प्रचंड आणि वर्गणीदार त्या मानाने थोडे, असा हा व्यवहार होता.

ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेतील न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. ही बातमी वर्तमानपत्रांत आली होती. तरीही भारतातील सेवा पुढे वर्षभराहून अधिक काळ चालू राहिली. डिसेंबर २००९ च्या अखेरीस वर्गणीदारांना कळवण्यात आले की, ३१ डिसेंबर २००९ पासून भारतातील सेवा बंद होत आहे. कंपनीची मालमत्ता घेऊ पाहणाऱ्याला भारतातील वर्गणीदारांचा धंदा नको होता. कंपनीच्या वर्गणीदारांपैकी बहुतेक भारतातलेच होते, तरी त्यांची शिल्लक वर्गणी परत मिळण्याची व्यवस्था झाली नाही. संचही निरुपयोगी झाले, कारण त्या संचावर उपग्रहाचे दुसरे केंद्र लागत नव्हते. ज्या संचांत एफएम वा मध्यमलहरींची सोय होती, ते तेवढ्यापुरते उरले.

आगाऊ वर्गणी म्हणजे उधारीच

या प्रकरणाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे. आपण गिऱ्हाइकाला उधार माल देतो तेव्हा त्याची पत पाहतो. त्याची शेती किती, मागची बाकी फेडली की नाही, गावात शब्द कसा आहे, हे सारे पाहून मगच वहीत नाव लिहितो. परंतु एखाद्या कंपनीला वर्षाची वर्गणी आगाऊ देतो, तेव्हा व्यवहार उलटा झालेला असतो. माल बारा महिन्यांत मिळणार आणि पैसे आज दिले. म्हणजे आपण त्या कंपनीला उधार दिले, तेही तारणाशिवाय. मग तिची पत कोणी पाहायची?

कंपनी बुडाली तर अशा आगाऊ पैसे देणाऱ्याचा नंबर फार मागे लागतो. आपल्याकडील २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातही कंपनीची मालमत्ता विकून आलेल्या पैशातून आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण घेऊन कर्ज देणारे आणि कामगार, मग इतर कर्मचारी, विनातारण वित्तीय कर्ज देणारे, सरकारी देणी, आणि त्यानंतर उरलेले असा क्रम आहे. हजार-दीड हजार रुपयांसाठी तेथवर कोण पोचणार?

आता आकडे मांडू. खालील दर हिशेबासाठी मानलेले आहेत. आपापले दर घालून हाच हिशेब प्रत्येकाने करावा. समजा, वर्गणी महिन्याला १८० रुपये आहे आणि वर्षाची एकदम भरली तर १,८०० रुपये. महिन्याने भरणाऱ्याला वर्षात २,१६० रुपये पडतात, म्हणजे एकदम भरणाऱ्याचे ३६० रुपये वाचतात. समजा, चार महिन्यांनी सेवा बंद पडली. महिन्याने भरणाऱ्याचे ७२० रुपये गेले आणि तेवढी सेवा त्याला मिळाली. त्याचे नुकसान काही नाही. एकदम भरणाऱ्याचे १,८०० रुपये गेले आणि सेवा तेवढीच, चार महिन्यांची. ३६० रुपये वाचवायला गेलेला १,०८० रुपयांनी मागे पडला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वर्षभरात सरासरीने जेवढी रक्कम आपली अडकून पडते, तिच्या मानाने ही सूट चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. घाऊक बाजारात रोख पैशांवर एवढी सूट कोणी देऊ लागला तर आपण मालाकडे दोनदा पाहतो. येथेही पाहावे. कदाचित त्याला गिऱ्हाईक बांधून ठेवायचे असेल, आणि त्यात गैर काही नाही. कदाचित त्याला रोकड तातडीने हवी असेल. कंपनीच्या अडचणीची बातमी आलेली असताना मोठी सूट जाहीर झाली, तर तो इशारा समजावा. २००८ च्या ऑक्टोबरनंतर ज्यांनी वर्ल्डस्पेसची लांब मुदतीची वर्गणी भरली, त्यांना हा इशारा वाचता आला असता.

तासाचा भाव काढा

वर्गणी महाग की स्वस्त, हे रकमेवरून ठरत नाही, तासावरून ठरते. वर्षाला १,८०० रुपयांची वर्गणी दोन दुकानांत लावून पाहू. शिलाईकाम करणारे मास्टर दिवसाला सहा तास ऐकतात आणि वर्षाला ३०० दिवस काम करतात. एकूण १,८०० तास झाले, म्हणजे तासाला एक रुपया पडला. किराणा दुकानदार गिऱ्हाइकांच्या गर्दीत दिवसाला जेमतेम अर्धा तास ऐकतो. त्याचे १५० तास झाले, म्हणजे तासाला बारा रुपये पडले. वर्गणी एकच, पण एकाला ती चहाच्या घोटापेक्षा स्वस्त आणि दुसऱ्याला चैनीची.

यात संचाचा खर्च मिळवा. समजा संच ३,००० रुपयांचा आहे आणि तो तीन वर्षे चालेल असे धरले. वर्षाला १,००० रुपये वाढले. मास्टरना तासाला सुमारे दीड रुपया, दुकानदाराला साडेअठरा रुपयांवर. आणि पहिल्या वर्षाअखेर सेवाच बंद झाली तर संचाची सारी किंमत त्या एका वर्षावर पडली. मास्टरना तासाला पावणेतीन रुपयांच्या आसपास, दुकानदाराला बत्तीस रुपये. म्हणून ज्या सेवेसाठी वेगळा संच घ्यावा लागतो आणि तो संच दुसऱ्या कोणत्याच कामाचा नसतो, तेथे वर्गणीपेक्षा संचाचाच धोका मोठा असतो. मोबाईल ॲपच्या बाबतीत हा धोका नाही, कारण फोन दुसऱ्या कामाचाही आहे. मात्र तेथे इंटरनेट डेटाचा खर्च धरावा लागतो, आणि जेथे नेटवर्क येते-जाते तेथे दिवसातील किती तास खरोखर ऐकू आले, हेही मोजावे लागते.

तास मोजण्याची सोपी युक्ती आहे. पंधरा दिवस रोजमेळाच्या शेवटच्या ओळीत त्या दिवशी किती वेळ ऐकले ते लिहावे. आपल्याला वाटते त्यापेक्षा आकडा बहुधा कमीच निघतो.

फुकट काय मिळते ते आधी पाहा

पैसे द्यायचे ते फुकट न मिळणाऱ्या गोष्टीसाठी. घनसावंगी तालुक्याच्या आसपास आकाशवाणीची परभणी आणि छत्रपती संभाजीनगर ही केंद्रे पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जात आहेत. शेतीचे कार्यक्रम, बातम्या आणि मराठी गाणी यांसाठी या भागात कोणाला वर्गणी भरावी लागली नाही. आकाशवाणीने मध्यमलहरींचे जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सुरुवात केली आहे, तेव्हा आपल्या गावात कोणते केंद्र किती स्वच्छ लागते हे आपल्याच ट्रान्झिस्टरवर पाहिलेले बरे.

दुसरे साधन म्हणजे डीडी फ्री डिश. दूरदर्शनची ही उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. डिश आणि बॉक्स यांचा एकदाचा खर्च सोडला तर मासिक वर्गणी नाही. पुष्कळांना हे ठाऊक नसते की, या डिशवर दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक वाहिन्याही येतात. म्हणजे विनावर्गणीचा उपग्रह रेडिओ पुष्कळांच्या छपरावर आधीच बसवलेला आहे. अडचण एवढीच की वाहिनी निवडायला टीव्हीचा पडदा लागतो. एकदा निवडली की आवाज स्पीकरला जोडता येतो. तिसरे साधन आकाशवाणीचे ‘न्यूज ऑन एअर’ हे ॲप. त्यावर आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक सेवा विनामूल्य ऐकता येतात आणि त्यांत उर्दू सेवाही आहे. फक्त डेटा लागतो.

फुकटचे कायमचे असते असे नाही. खेडोपाडी ऐकली जाणारी बीबीसीची हिंदी रेडिओ सेवा जानेवारी २०२० अखेर बंद झाली. परंतु ती बंद झाली तेव्हा श्रोत्याचा विरंगुळा गेला, पैसा बुडाला नाही. ॲपच्या धंद्यातही उलथापालथ चालूच असते. ‘गाना’ने २०२२ साली विनामूल्य ऐकणे बंद करून वर्गणी सक्तीची केली, आणि एअरटेलसारख्या मोठ्या कंपनीचे ‘विंक म्युझिक’ २०२४ साली बंद झाले. मोठे नाव म्हणजे कायमची सेवा, हा समज सोडलेला बरा.

दुकानात वाजवणे वेगळे

व्यापाऱ्यांनी आणखी एक बाब नीट समजून घ्यावी. गाण्यांच्या ॲपची वर्गणी ही सहसा वैयक्तिक ऐकण्यासाठी असते. आपण काम करता करता स्वतः ऐकणे वेगळे आणि गिऱ्हाइकांसाठी दुकानभर किंवा हॉटेलात स्पीकर लावून वाजवणे वेगळे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाणी वाजवण्याचा हक्क वेगळा असतो आणि त्याचा परवाना घ्यावा लागतो. गीतकार-संगीतकारांच्या वतीने आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या वतीने पीपीएल अशा संस्था हे परवाने देतात. हॉटेल, कापडाचे मोठे दुकान किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्याने ‘मी तर ॲपचे पैसे भरले आहेत’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये. त्याच्या हिशेबात परवान्याची रक्कमही आली पाहिजे. ती मिळवल्यावर वर्गणी परवडत नाही असे दिसले, तर दुकान शांत ठेवल्याने गिऱ्हाईक परत जात नाही.

भरायचेच असेल तर

ज्याचे तास जास्त आहेत आणि ज्याला फुकटच्या साधनांत आपल्या आवडीचे मिळत नाही, त्याने वर्गणी जरूर भरावी. दिवसभर एका जागी बसून सुईदोऱ्याचे काम करणाऱ्या माणसाला तासाला रुपया-दीड रुपयात मन प्रसन्न राहत असेल, तर तो खर्च वाया गेला असे कोणी म्हणू नये. कामाची सफाई मनावरही अवलंबून असते. मात्र पुढील पथ्ये पाळावीत.

पहिले, शक्य तेथे महिन्याचीच वर्गणी भरावी. जास्त पडणारे पैसे हा आपल्या मोकळेपणाचा मोबदला समजावा. वर्षाची भरायचीच असेल तर जेवढी रक्कम बुडाली तरी धंद्याला झळ लागणार नाही, तेवढीच भरावी.

दुसरे, सांगितलेला दर करासह आहे की करावाचून, हे विचारावे. अशा सेवांवर १८ टक्के जीएसटी असतो.

तिसरे, ‘पहिला महिना फुकट’ अशी योजना घेतली तर ती संपण्याची तारीख वहीत लिहावी. फुकट महिना संपताच पैसे आपोआप कापले जाण्याची संमती आपण सुरुवातीलाच दिलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप कपातीची सूचना बँकेने किमान २४ तास आधी द्यावी लागते. तो संदेश वाचावा. नको असेल तर बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमधून ती संमती रद्द करता येते.

चौथे, पावती आणि अटींचे पान जपून ठेवावे. सेवा न देता कंपनी पैसे दाबून बसली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस तेथे शुल्क नाही. कंपनी चालू असेल तर या मार्गाचा उपयोग होतो. ती दिवाळखोरीत गेली की मार्ग फार अरुंद होतो, आणि म्हणूनच पहिले पथ्य सर्वांत महत्त्वाचे.

पाचवे, वेगळा संच विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा : उद्या ही कंपनी नसली तर या संचावर काय लागेल? ‘काहीच नाही’ असे उत्तर आले, तर संचाची किंमतही वर्गणीतच धरावी.

वर्ल्डस्पेसच्या वर्गणीदारांना गाणी चांगली मिळाली होती. फसगत मालात झाली नाही, ती पैसे देण्याच्या रीतीत झाली. आपण रोज दुकानात ज्या सावधपणाने उधारी देतो, तोच सावधपणा वर्गणी भरताना ठेवला, तर रेडिओ ऐकण्याचे समाधानही मिळेल आणि वहीत बुडीत खात्याची एक ओळ कमी राहील.